ती लाइन माझी नव्हती

रत्नागिरीच्या बंदरात मी बोटीत चढलो तेव्हा अब्बांनी माझा दंड घट्ट धरून सांगितलं, "हात सगळ्यांनाच असतात. तिकडे डोकं दाखव, तरच नाव होईल." अम्मी नुसती रडत होती. मी वीस वर्षांचा, मलाही ते पटलं. गावात राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारख्या इकडे आखातात आलेल्यांनो, त्या डोक्याची हकीकत एकदाची ऐकून घ्या. सांगताना मला माझीच किळस येते.

शारजात तेव्हा मोठी बोट किनाऱ्याला लागत नसे. ती लांब उभी राहायची आणि सिमेंटच्या गोण्या पडावातून, म्हणजे लहान होडीतून, उथळ पाण्यापर्यंत यायच्या. तिथून आम्ही तीस-चाळीस कोकणी माणसं पाण्यात रांग धरून त्या हातोहात वाळूवर पोचवायचो. मुकादम नाही, काही नाही. गावात रापणीचं जाळं किनाऱ्यावर ओढताना दमलेला माणूस आपोआप मागे सरकतो आणि ताजा पुढे येतो, तसंच इथे चालायचं. कोणाचा पाय दुखतोय, कोणाला कणकण आहे, हे शेजाऱ्याला न सांगता कळायचं, आणि रांग आपली आपण बदलायची. एक गोणी भिजत नसे. ही कोणाची अक्कल, असं विचारलं असतं तर आम्ही हसलो असतो.

विचारलं कंपनीच्या गोऱ्या साहेबाने. "हूज सिस्टम?" इंग्रजी मला एकट्यालाच येत होतं. मी तोंड वर करून म्हणालो, "माइन, सर." आयत्या बिळावर नागोबा! आठवड्यात मी फोरमन झालो. बिचाऱ्यांनी माझीच पाठ थोपटली.

मग फोरमनने काहीतरी करून दाखवायला नको? मी कागदावर प्रत्येकाला नंबर दिला, जागा दिली. जागा सोडायची नाही, खलास! माझा मामेभाऊ यूसुफ सगळ्यांत उंच, म्हणून तो पडावाजवळच्या खोल पाण्यात. त्याचा गुडघा अधू होता, दुखला की तो वाळूकडे सरकायचा, हे मी रोज बघत होतो. कागदावर गुडघा कुठे दिसतो! चौथ्या दिवशी तो ओरडला, "भाई, सरकू का?" मी म्हणालो, "जागेवर राहा. यल्ला, यल्ला, चला लवकर!" लाटेने पडाव फिरला. यूसुफला वेळेवर बाजूला होता आलं नाही आणि त्याचा पाय चिरडला.

तो गावी परतला. मी राहिलो, वर चढलो. अब्बा गावभर सांगत सुटले, "पोरगा नुसत्या डोक्यावर मोठा झाला." शी! इतक्या माणसांच्या अंगात मुरलेली गोष्ट, आणि नाव माझ्या डोक्याचं!

तीन वर्षांनी सुट्टीवर गेलो तो यूसुफपुढे सगळं कबूल करायचं ठरवूनच. तो ओट्यावर बसला होता, कुबडी बाजूला. मी तोंड उघडायच्या आत त्याने बायकोला हाक मारली, "अगं, चहा ठेव, आपला फोरमन आलाय." मग मला म्हणाला, "तुझी लाइन बरोबरच होती, भाई. मीच कुठेतरी चुकीचा उभा राहिलो असेन."

मी चहा प्यायलो आणि उठलो.

आता इथे शारजाच्या रोल्ला भागात कोणी विचारलं, घर कुठे, तर मला तो ओटाच आठवतो, आणि तिथे जायला मला तोंड नाही. म्हणून हे लिहिलं. यूसुफला वाचता येत नाही. कोणीतरी त्याच्याजवळ बसा आणि हे मोठ्याने वाचून दाखवा.