शेपटी, ब्रश आणि पेनिसिलीन

"मला सुई नको. बुरशीचं औषध अंगात न्हाई घेनार!" असं म्हणत नारायण पेंटर कंपनीच्या दवाखान्यातून उठला आणि थेट माझ्या लॅबमध्ये शिरला. उजव्या हाताचं बोट सुजून वांग्यासारखं झालेलं. मागोमाग आमचे वर्क्स मॅनेजर.

"बाई, औषध तुम्ही बनवता, तुम्हीच समजवा याला. आठवड्यावर उद्घाटन आलंय आणि गेटवरचा बोर्ड कोरा आहे!"

मला बोर्डापेक्षा बोटाची धास्ती होती. लाली मनगटाच्या वर सरकली होती. पेंटरचा हातच गेला तर मागे राहतं काय?

पन्नासच्या दशकातली ही गोष्ट. पिंपरीच्या माळावर आमचा औषधांचा कारखाना नवाच होता आणि माझं काम बुरशी सांभाळणं. मोठाल्या टाक्यांत ती वाढवायची, गाळून काढायची आणि उरलेल्या पाण्यातून औषध वेगळं करायचं. नारायणला मी हे सगळं सांगितलं.

"मंजी बुरशीचं पानी," तो म्हणाला. "भाकरीला बुरशी आली तर आमी म्हशीलाबी घालत न्हाई. आन् नाव काय, तर पेन्सिलीन! पेन्सिल उगाळली व्हती का त्यात?"

सगळा कारखाना पेन्सिलीनच म्हणायचा आणि मी रोज 'पेनिसिलीन' असं दुरुस्त करायचे. त्या दिवशी तोंड उघडलं आणि तशीच थांबले. बुरशीचं, आणि त्यावरून औषधाचंही, नाव लॅटिनमधल्या छोट्या ब्रशच्या शब्दावरून पडलंय, हे कॉलेजात शिकले होते. मग पेन्सिल? मी मॅनेजर साहेबांच्या केबिनकडे धावले, त्यांची जाडजूड डिक्शनरी उघडली आणि ओरडलेच. पेन्सिलही त्याच शब्दातून आलेली! इंग्रजीत आधी पेन्सिल म्हणजे चित्रकाराचा बारीक ब्रशच, शिशाची कांडी नंतरची. आणि त्याच्याही मागे मूळ शब्द होता, शेपटी.

पळतच परत आले. नारायणला मायक्रोस्कोपला डोळा लावायला सांगितला. खाली बुरशी. एक दांडी, टोकाला बारीक झुपका.

"आयला! ह्यो तर माजा ब्रश!"

"नावसुद्धा ब्रशचंच आहे. तुमचा बारीक ब्रश कशाचा असतो?"

"खारीच्या शेपटीचा."

"इंग्रजी शब्दही शेपटीतूनच निघालाय!"

तो हसत सुटला, मीही. साहेब दारातून "झालं काय?" विचारत होते आणि आम्हाला सांगता येईना. हसता हसताच नारायणने बाही वर सारली.

"बोलवा डॉक्टरला. ही तर आपलीच भावकी हाय."

इंजेक्शनं सुरू झाली, सूज उतरली आणि उद्घाटनाच्या आदल्या दिवशी बोर्ड लागला. अक्षरं इतकी देखणी, की साहेब पुन्हा पुन्हा बाहेर जाऊन बघून येत.

मग आमचा माळकरी वॉचमन घसा सुजला म्हणून दवाखान्यात गेला आणि सुई बघून हात जोडून उभा राहिला.

"माफ करा डॉक्टर. नारायण म्हनला, ह्यात खारीची शेपटी असती."

त्याला समजवण्यात माझी अख्खी दुपार गेली. तेव्हापासून कुणाला शब्दाचं मूळ सांगायचं असेल, तर कुठे थांबायचं ते मी आधी ठरवते.