कुजक्या लाकडातले विणकाम

एकोणीसशे पन्नाससाठच्या दरम्यान अहेरीच्या धर्मशाळेत मला एक वनस्पतिशास्त्राचे शिक्षक भेटले. त्यांचे नाव विचारायचे राहूनच गेले. दुसऱ्या दिवशी वनरक्षकांच्या वर्गात दाखवण्यासाठी त्यांनी एक कुजके लाकूड आणले होते, आणि ते वाळू नये म्हणून आपला ओला पंचा ते त्यावर पुनःपुन्हा पांघरीत होते.

संध्याकाळी स्वयंपाकीणबाईंनी नेमके तेच चुलीपाशी नेले.

"मास्तर, या सडक्या लाकडाले काऊन जपून राह्यले? माही चूल खोळंबली."

"जाळू नका, बाई!" ते धावले. हळुवार साल उचलून त्यांनी आतले पांढरे धागे दाखवले. "पावसात छत्रीवानी सात्या उगवतेत ना, त्यांचा खरा जीव हे धागे. शास्त्रात यांले हायफा म्हणतेत. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ विणलेलं कापड."

"म्हणजे कोष्ट्याच्या घरचं म्हणा!" बाई हसल्या. "मंग विणून झालं असन ना आता?"

"नाई बाई. विणणारा अजून मागावरच बसला आहे."

बाईंनी पदराला हात पुसले आणि ते लाकूड दोन्ही हातांनी उचलून त्यांना दिले. मग त्या कोरडे सरपण शोधायला बाहेर पडल्या.

त्या दिवशी जेवणास फार उशीर झाला. ते वाट पाहणे मला संध्यावंदनाइतकेच पवित्र वाटले.