गोजरबाईंचा घुमट

राजुरीच्या गोजरबाई गवंडीकाम करतात. गोबरगॅसचा घुमट बांधण्यात त्यांचा हात धरणारं पार आळे गावापर्यंत कुणी नाही. हे काम आधी नवरा करायचा. तो गेल्यावर अर्धवट राहिलेला घुमट त्यांनी स्वतः पुरा केला, आणि तेव्हापासून थापी हातातच राहिली.

दोन वर्षांपूर्वी निलमिनी नावाची इंजिनिअर श्रीलंकेहून आली. दोन्ही देशांचा करार झाला होता. गोठ्यातलं वाया जाणारं शेण चुलीच्या कामी आणायचं, आणि ते एकमेकांकडून शिकायचं. आठ दिवस ती बाईंबरोबर खड्ड्यात उतरून विटा लावायला शिकली. मध्ये बोलायला बाईंची नात श्रेया. निघताना निलमिनी म्हणाली, "आमच्याकडे शिकवायला तुम्हीच या."

बाईंनी पासपोर्ट काढला. जुन्नरहून चाकांची बॅगही आणली. मग करार राबवणाऱ्या पुण्याच्या कार्यालयाचं पत्र आलं : प्रशिक्षक किमान दहावी उत्तीर्ण हवा.

बाई तीनदा पुण्याला जाऊन आल्या. तिसऱ्या खेपेला साहेब म्हणाले, "आजी, नियमच आहे. मी काय करू?"

"घुमट काय दहावीचा दाखला बघून गॅस धरतो व्हय साहेब?"

साहेब हसले. चहा मागवला. बाई तो न पिताच उठल्या.

त्यांच्याऐवजी एक पदवीधर गेला. त्यानं आयुष्यात सिमेंट-वाळूचा माल कालवला नव्हता.

महिनाभरानं भरदुपारी श्रेयाच्या मोबाईलवर निलमिनीचा व्हिडिओ कॉल आला. घुमट गॅस धरत नव्हता.

"वरून साबनाचं पानी वतायला सांग," बाई म्हणाल्या.

ओतलं. घुमटाच्या कडेनं गोल रेघेत बुडबुडे उठले.

"गिलावा दोन दिवसांत केलाय यांनी. सांधा राह्यलाय तितं. समदा गॅस जाऊ द्या, आत हवा खेळू द्या, मंगच मानूस उतरवा. खरवडून एका दमात लिपा. मधी थांबायचं न्हाई."

पंधरा दिवसांनी निलमिनीनं पेटलेली शेगडी दाखवली. शेजारी उभी असलेली म्हातारी हात जोडत होती. त्याच आठवड्यात कार्यालयाचा अहवाल निघाला. त्यात फोटो पदवीधराचा होता. गोजरबाईंचं नाव कुठंच नव्हतं. नियम बदलावा म्हणून बाईंनी केलेल्या अर्जाला अजून उत्तर नाही.

"आजी, पेटली तर तुझ्यामुळंच ना?" श्रेयानं समजूत घातली.

"लई शानी हायेस. मंग मला तितं न्यायला काय झालं व्हतं?" म्हणत बाई राजुरीतल्याच दुसऱ्या खड्ड्यात उतरल्या.