मामींच्या उशाशी रान

रंगारीमामांच्या दुकानात जाऊन "हिरवा ब्लाउजपीस द्या" म्हणायची सोय नव्हती. चष्म्यावरून बघत ते विचारायचे, "हिरवा म्हणजे? कच्च्या कैरीचा, केळीच्या कोंबाचा, का डबक्यातल्या शेवाळाचा?" गिऱ्हाईक गोंधळायचं, आणि मामा ढिगाकडे न बघता हात घालून नेमका तुकडा ओढायचे. साडीवर ठेवला की दोन्ही एकाच पाण्यातून निघाल्यासारखे वाटायचे. मी सांगलीची, सहजासहजी कुणाला मानणाऱ्यातली नाही. पण त्या हाताला मी पहिल्याच दिवशी मनातून नमस्कार केला.

म्हैसूरला मेटगळ्ळीच्या एका कारखान्यात नोकरी लागल्यावर मी हिनकलला त्यांच्या माडीवर भाड्याने राहिले. घराणं कापड रंगवणाऱ्यांचं, कित्येक पिढ्या म्हैसूरात रुजलेलं. त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड असायचं. मला ते "पुट्टी" म्हणत. कन्नडात लहान पोरीला म्हणतात तसं. त्यांना मूलबाळ नव्हतं. मामी हृदयाच्या दुखण्याने अंथरुणाला खिळल्या होत्या. माहेर कोडगूत, म्हणजे आपण कूर्ग म्हणतो तिथे, अगदी रानाच्या कडेला. घाटाचा प्रवास डॉक्टरांनी बंद केला होता, आणि फार दिवस नाहीत हे मामांना बाजूला घेऊन सांगितलं होतं. मामींचा हट्ट एकच, एकदा माहेरचं रान डोळ्यांनी बघायचं.

"तिला नेता येत नाही ना? मग रान आणतो," मामा मला म्हणाले. मला वाटलं, झालं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं!

पण दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानातला खाकी कागद पसरून नकाशा काढला. दोन हात लांब, हातभर उंच काचेची पेटी, वर काचेचंच झाकण. तळाला विटांचे बारीक तुकडे आणि कोळसा, म्हणजे जास्तीचं पाणी खाली जाईल. त्यावर कापडाचा थर, त्यावर नारळाच्या काथ्याचा भुसा आणि कुजलेला पाला, मग नेचे, शेवाळ, एक वाकडं लाकूड. "कापायच्या आधी आखायचं, पुट्टी. आधी झाडं, मग किडे, पाहुणा शेवटी." पाहुणा म्हणजे बेडूक. मामींच्या माहेरी पावसात टिकटिकणारे, बोटाच्या पेराएवढे बेडूक असत, त्यांचा आवाज मामींना ऐकायचा होता. मी विचारलं, "बेडूक आणून सोडला की झालं, किडे कशाला?" मामा खवळले. "घाण कोण काढणार, तू? आणि पाहुणा उपाशी बसवायचा काय?"

त्यांनी कुजक्या पाल्यातून तिळाहून लहान, पांढरे, टुणकन उडणारे किडे जमवले. ते बुरशी खातात म्हणे. त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. आई गं! डोळ्याला नुसती माती दिसत होती, आणि भिंगाखाली अख्खी जत्रा. कुणी पाला कुरतडतोय, कुणी बुरशीचा धागा खातोय. मी तासभर उठले नाही, ऑफिसला उशीर झाला, बोलणी खाल्ली आणि तरी काही वाटलं नाही.

आठवड्यात सगळे किडे मेले. एकूण एक. मामांची दोन दिवस जेवणावर वासना नव्हती. तिसऱ्या दिवशी पेटी उपसून त्यांनी मधला कापडाचा थर नाकाशी धरला. तो तुकडा त्यांच्या आजोबांच्या हातचा होता, घरात जपून ठेवलेला शेवटचा. बायकोच्या रानाला आजोबांचा हात लागावा म्हणून त्यांनी तो कुणालाही न सांगता घातला होता. "मोरचूद!" ते म्हणाले. "रंग पक्का व्हायला आजोबा मोरचूद घालायचे. किड्यांना विषच ते. रंगाऱ्याच्या पोटी जन्मून मला एवढं कळू नये?" माझ्यासमोर हा माणूस रडेल अशी भीती वाटली. ते रडले नाहीत. काच सात पाण्यांनी धुतली, साधी नायलॉनची जाळी घातली आणि सगळं पहिल्यापासून मांडलं. जमवाजमव धरून महिना फुकट गेला होता, आणि तो कुणाच्या दिवसांतून गेला हे आम्हा दोघांना ठाऊक होतं.

दुसऱ्या खेपेला किडे टिकले. मामींचे भाऊ, अण्णा, कोडगूहून शेवाळाची जुडी आणि बाटलीत एक बेडूक घेऊन आले. मामींनी बाटली हातात घेतली. बेडूक काचेला नाक लावून बसला होता. बराच वेळ दोघं एकमेकांकडे बघत राहिली. "बेडा," मामी म्हणाल्या. नको. "अय्यो, मी एक आत पडलेय ते पुरे नाही काय? अण्णा, ह्याला आजच घरी ने." त्या आवाजासाठी बाई किती महिने झुरत होती! अण्णा बाटली घेऊन तसेच परतले.

शेवाळ मांडताना त्याच्या पोटाशी चिकटलेल्या दोन गोगलगायी निघाल्या, मुगाएवढ्या. "ह्या आपल्या आपण आल्या. राहू दे," मामी म्हणाल्या. झालं, पाहुणे ठरले! शंखाला चुना लागतो म्हणून मामा नाक्यावरच्या ऑम्लेटच्या गाडीवरून टरफलं आणून खलात कुटायचे. मामी दिवसभर कुशीवर वळून बघायच्या. एका दुपारी मला कारखान्यात मामांचा फोन आला. "पुट्टी, ये गं लवकर, पिलं झालीत!" मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून धावले. नेच्याच्या पानामागे काचेसारखे आरपार ठिपके हळूहळू सरकत होते. मामींनी भिंग डोळ्यावरून काढलंच नाही. "माहेरी बाळंतपण झालं गं," त्या म्हणाल्या. अशा हसल्या की मला तिथे उभं राहवेना.

त्यानंतर त्या तीन आठवडे होत्या.

बाराव्याचं उरकून अण्णा निघाले तेव्हा म्हणाले, "भावोजी, आता ह्या गोगलगायी मी घेऊन जातो. मागं कोण बघणार?" ओलं शेवाळ घातलेल्या डब्यात मामांनी दोन्ही मोठ्या गोगलगायी ठेवल्या आणि डबा अण्णांच्या हातात दिला. "ह्या तिकडच्या. ह्यांना ने."

"आणि पिलं?"

मामांनी झाकणाच्या काचेवर हात ठेवला. "पिलं इथं जन्मली. ती आमची."