मुदत संपलेली बिस्किटं

ऑगस्ट २०१९, वर्गणी चौदा हजार दोनशे, हजर आम्ही सोसायटीचे नऊ जण. बिस्किटांचा डबा उघडल्यावर खवट वास आला की ती संध्याकाळ आठवते. सांगलीच्या पूरग्रस्तांसाठी आम्ही सामान जमवत होतो. आमच्या इथल्या द्वारका चौकात होलसेल दुकान असलेले आमचे अध्यक्ष बिस्किटांचे दोन खोके देऊन, वर फोटो काढून गेले. रोख एक रुपया दिला नाही. टेम्पोत चढवण्याआधी मी पुडे तपासले, तर सगळ्यांची मुदत मार्चमध्येच संपलेली. मी कुणाला काही बोललो नाही. त्याच संध्याकाळी सोसायटीच्या मीटिंगमध्ये तीच बिस्किटं बशीत रचून चहाबरोबर अध्यक्षांपुढे ठेवली. एक चावताच त्यांनी तोंड वाकडं केलं. "काय हो भाऊ, कुठून आणली ही?" "तुमच्याच खोक्यातली, शेठ. घ्या की अजून." "अहो, पोट बिघडेल ना." "तिकडच्या पोरांचं बिघडलं असतं तर चाललं असतं?" मी बशी उचलून त्यांच्यापुढे तशीच धरून ठेवली, त्यांनी पाकीट काढेपर्यंत. मला त्यांची कीव आली नाही, आजही येत नाही. त्यांचे पाच हजार सांगलीच्या छावणीला पोचले. पावतीवर देणाऱ्याचं नाव मात्र मी सोसायटीचं लिहिलं.