वर टाकं असणारच

नव्वदीच्या सुरुवातीला बंगळूरच्या पीण्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला लागलेले आम्ही तिघे पुण्याचे मित्र. बनेरघट्टाच्या राष्ट्रीय उद्यानात शनिवारी तंबू ठोकला आणि रविवारी सकाळी समोरचा डोंगर चढायला निघालो. पाण्याची बाटली एकच, कारण आमच्यातला गडकिल्ले पालथे घातलेला मित्र म्हणाला, "ओझं कशाला? वर टाकं असणारच." आणि आम्हाला ते पटलं! सह्याद्रीत प्रत्येक गडावर कातळात खोदलेल्या टाक्याचं गार पाणी प्यालो होतो, त्यामुळे डोंगर म्हटला की वर पाणी, हे डोक्यात पक्कं बसलेलं. पण इथे गडच नाही, तर टाकं खोदणार कोण, हे एकालाही सुचू नये?

अर्ध्या चढावर बाटली संपली. दुपारी माथ्यावर पोचलो तेव्हा जीभ टाळूला चिकटली होती. वर नुसता तापलेला काळा खडक. तिसरा मित्र मटकन खाली बसला आणि "मी इथेच मरणार" म्हणाला.

मग पाणी दिसलं. खाली, आमच्याच वाटेवरच्या तळ्यात. सकाळी ते गढूळ म्हणून आम्ही नाकं मुरडली होती. आता त्यात हत्तींचा कळप उतरला होता, आणि परतायला दुसरी वाट नव्हती. पाणी पिऊन जातील म्हणून वाट पाहत राहिलो. ते पीत नव्हते, आंघोळ करत होते.

आणि आमचा गडवीर अजून खडकांमागे टाकं शोधत होता.