स्टेपनीखालची माती

सेकंड हँड गाडी बघायला निघालो तेव्हा नवऱ्याला इंजिनची काळजी होती आणि मला पुराची. महाडला आमचं घर तळमजल्यावर. पाणी ओसरल्यावर कपाटांतला, भांड्यांतला, शिवणयंत्रातला गाळ मी कितीतरी दिवस काढत होते. बुडालेल्या गाड्या धुऊनपुसून विकतात, हे इथे सगळ्यांनाच ठाऊक. तसली गाडी दारात नको, एवढंच माझं म्हणणं. आईचे गुडघे गेल्यापासून तिला मोटरसायकलवर बसवत नव्हतं, म्हणून तर हा खटाटोप.

हायवेलगतच्या डीलरकडे एक पांढरी गाडी बघताक्षणी आवडली. नवऱ्याने बॉनेट उघडून ऑइल बघितलं, इंजिन चालू करून कान देऊन ऐकलं. मी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून हुंगला, मॅट उचलली, सीटखाली टॉर्च मारला. सगळं कोरडं. गंज नाही. मग डिकीतली स्टेपनी उचलायला लावली, तर खालच्या खळग्यात मातीचा थर.

मी टॉर्च बंद केला.

"ही पाण्यातली गाडी आहे," मी म्हटलं.

"नाय ओ ताई," डीलर म्हणाला. "पोलादपूरची गाडी हाय. एका बाईंनीच वापरलेली."

"मग ही माती कुठची?"

तो वाकून खळग्यात बघायला लागला. नवरा हळूच म्हणाला, "चल, निघू." पण माझा पाय निघेना. "त्या बाईंशी बोलायचंय मला," मी म्हटलं. वाटलं, टाळेल. त्याने तिथल्या तिथे फोन लावला. "घरीच हायत. हीच गाडी घेऊन जाऊ, तुमची ट्रायल पण होईल."

नवऱ्याने गाडी पोलादपूरला घेतली, डीलर मागच्या सीटवर बसला.

बाई निवृत्त नर्स. जयभीम झाला, पाणी दिलं. मी आढेवेढे न घेता मातीचं विचारलं, तर त्या हसायलाच लागल्या.

"अगो, ती माझ्या कलमांची माती! वरच्या वाडीत भावाची जमीन हाय. आंब्याची कलमं, काजूची रोपं, सगळं त्याच डिकीतून नेलंय मी."

परसात रोपांच्या काळ्या पिशव्यांचा ढीग पडला होता. एकीतली माती मी तळहातावर घेतली. लालसर, नारळाच्या भुशाचे तंतू मिसळलेली. परत येऊन डिकीत बोट फिरवलं. तीच माती, तेच तंतू. भीतीच्या भरात मघाशी मी नीट बघितलंच नव्हतं.

"एक सांगते," बाई म्हणाल्या, "सकाळी गार असली की दुसरा गिअर जड पडतो. आणि मागची डावी काच अर्धीच उतरते."

डीलर ओशाळला. "काच करून देतो ना."

"मग तुम्ही का विकली?" मी विचारलं.

"डोळ्याचं ऑपरेशन झालं. घाटात चालवायला आता धीर होत नाय."

आम्ही तशीच गाडी आंबेनळी घाटाच्या चढाला घातली. नवऱ्याची नजर इंजिनच्या तापमानाच्या काट्यावर, माझी नवऱ्याच्या चेहऱ्यावर. काटा जागचा हलला नाही. उतारावर ब्रेकही नीट लागले. एका वळणाच्या पुढे त्याने गाडी कडेला घेतली आणि माझ्याकडे वळून विचारलं, "घ्यायची?"

"घ्यायची," मी म्हटलं, आणि आठवडाभर आवळून धरलेले खांदे एकदम सैल पडले.

परतीच्या वाटेवर डीलर मागून कागदपत्रांचं काहीबाही सांगत होता. त्यातलं मी काहीच ऐकलं नाही. महाड आल्यावर नवऱ्याने हलवून उठवलं, तेव्हा कळलं की पोलादपूर सोडल्यापासून मी गाढ झोपले होते.